आधी रंग सांगा

परस्परांवरील विश्वास हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. हे वाक्य मी आमच्या शाळेच्या सभागृहात निदान तीसदा ऐकले असेल, आणि दर वेळी ते ज्या माइकमधून आले तो माइक टेबलाच्या पायाला साखळीने बांधलेला होता. पाण्याच्या टाकीवरचा पेला बांधलेला होता. वाचनालयातला मोठा शब्दकोशही बांधलेला होता, त्यामुळे तो उभ्यानेच वाचावा लागे. पाया भक्कम असेलही. वरच्या मजल्यावरच्या सामानाची हमी मात्र कोणी देत नव्हते. त्या सामानाचा हिशेब ठेवणे हे माझ्या वडिलांचे काम होते.

बाबा त्या मुलींच्या शाळेत हेडक्लार्क होते. मी तिथेच शिकत होते. माझी मोठी बहीण, जिला आम्ही ताई म्हणायचो, ती बी.एस्सी. होऊन आणि सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स करून त्याच शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली होती. शाळेत आत येणारी प्रत्येक वस्तू आधी बाबांच्या टेबलावर यायची आणि तिच्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का बसायचा. नकाशा, फूटपट्टी, फुटबॉल, विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला सांगाडासुद्धा. सांगाड्याच्या कपाळावर होता. मुली हसायच्या. बाबा हसत नसत. फार पूर्वी, माझ्या जन्माच्याही आधी, शाळेतले भिंतीवरचे घड्याळ एकदा नाहीसे झाले होते, तेव्हा शिपायाने कोणाला न विचारता सगळ्यांत आधी बाबांच्या डब्याची पिशवी उघडली होती. पिशवीत भाकर आणि जवसाची चटणी निघाली. घड्याळ संस्थेच्या अध्यक्षांनीच दुरुस्तीला नेले होते, हे चार दिवसांनी कळले. पिशवी उघडल्याबद्दल कोणी काही बोलले नाही. बाबाही बोलले नाहीत. बौद्ध झाल्यावर आपण माणूस म्हणून उभे राहिलो, असे ते आम्हाला सांगत. पण उभ्या माणसाची पिशवी आधी उघडतात, एवढे त्यांनी त्या दिवशी ध्यानात ठेवले. शिक्क्याची सवय त्यानंतरची.

त्या वर्षी शाळेला संगणक मिळाला. संगणक म्हणजे पाटीएवढा काळा डबा. वर रबराच्या कळा. तो टीव्हीला जोडायचा, बाजूला टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि कॅसेट लावून कार्यक्रम त्याच्या पोटात भरायचा. भरायला सात मिनिटे लागायची. उद्घाटन डिसेंबरात ठरले, कारण डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असते, मंत्री गावातच असतात आणि संध्याकाळी त्यांना काही काम नसते. त्या पंधरवड्यात नागपुरात जेवढ्या फिती कापल्या जातात तेवढ्या वर्षभरात दुकानातसुद्धा कापत नसतील. आमच्या वाट्याला एक राज्यमंत्री आले. त्यांना काय दाखवायचे, यावर बराच खल झाला. शेवटी मुंबईहून संगणकाबरोबर मागवलेला विमान उतरवण्याचा खेळ दाखवायचे ठरले. निमंत्रणपत्रिकेत त्याला 'संगणकीय शैक्षणिक प्रात्यक्षिक' म्हटले होते. अध्यक्षांनी ताईला बोलावून सांगितले, "प्रात्यक्षिक नीट झालं की तुमच्या कायम ऑर्डरचं पाहू." ताई दोन वर्षे तात्पुरती होती. दर एप्रिलमध्ये तिला काढत आणि दर जूनमध्ये घेत. मधल्या दोन महिन्यांत ती घरी बसून आईला पापड लाटायला मदत करायची आणि रोज पोस्टमनची वाट पाहायची. पाहू, या शब्दावर आमच्या घरात त्या रात्री सोल्यांची भाजी झाली. तुरीचे ओले दाणे आईने एरवी रविवारसाठी राखून ठेवले होते.

शाळेच्या खोलीत अजून विजेचे बटण बसले नव्हते, म्हणून संगणक, टीव्ही, टेपरेकॉर्डर असे सगळे सरावासाठी सायकलरिक्षाने इंदोऱ्याला आमच्या घरी आले. बाबांनी स्वतःच्याच घरी सामान नेण्याचा स्वतःलाच परवाना लिहिला आणि त्यावर मुख्याध्यापिकाबाईंची सही घेतली. दोन खोल्यांच्या घरात ते सगळे पुढच्या खोलीतल्या पलंगावर मांडले. आम्ही खाली झोपू लागलो. संध्याकाळी दिवा लागला की आई वंदना म्हणायची, मागच्या गल्लीत कोणाचा तरी हातमाग खटखटायचा, दूर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटायचे आणि या सगळ्यांत ती कॅसेट सुरू व्हायची. तिचा आवाज कसा सांगू? दळणाच्या गिरणीत मांजर अडकावे तसा.

"आधी वंदना होऊ दे वं," आई म्हणायची. "मंग कर तुही किरकिर."

"आई, मंत्री येऊन राहिले."

"येऊ दे. त्यायलेही वंदना ऐकू दे."

कॅसेट भरून झाली की विमान दिसायला हवे होते. विमान दिसत नसे. आधी प्रश्न यायचा. खेळाच्या डबीत घडी घातलेले एक गुळगुळीत कार्ड होते. त्यावर बारीक चौकटींचे जाळे, आणि प्रत्येक चौकटीत लाल, निळा, हिरवा किंवा पिवळा रंग. टीव्हीवर विचारणा व्हायची: एच ओळ, नववा रकाना, रंग कोणता? चार रंगांना चार कळा होत्या. बरोबर सांगितले तर विमान. दोनदा चुकले तर ताकीद. तिसऱ्यांदा चुकले की तो डबा पोटातले सगळे विसरून जायचा, आणि पुन्हा सात मिनिटे मांजर. कॅसेटवरून कॅसेट कोणीही उतरवून घेईल, पण कार्ड कुठून आणील, असा कंपनीचा विचार होता. त्या काळी झेरॉक्स काळीपांढरीच निघायची, म्हणून रंग. ही युक्ती ज्याने काढली तो हुशार होता यात वाद नाही. त्याच्या डोळ्यांसमोर चोर होता. विकत घेणारा नव्हता.

ताई व्यवहारी होती. दुसऱ्याच दिवशी ती माझी चित्रकलेची वही आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसली आणि कार्डाची नक्कल उतरवू लागली. हरवले, फाटले तर असावी म्हणून. निम्मे जाळे झाले होते, तेव्हा बाबा शाळेतून आले.

"काय करून राहिली वं?"

"उतरवून ठेवते. एकच कार्ड आहे ना."

बाबांनी चष्मा लावून कार्डाच्या मागचा मजकूर वाचला. इंग्रजी होता. त्यांनी तो दोनदा वाचला, मग आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, आणि अर्थही सांगितला, जणू ताईला इंग्रजी येत नव्हते. कार्डाची कोणत्याही प्रकारे नक्कल करणे हा गुन्हा आहे.

"बाबा, हे लंडनच्या चोराईसाठी आहे. मी विकत घेतलेल्या खेळाची..."

"तू नाही घेतला. शाळेनं घेतला. फाड ते पान."

"काहून पण?"

"उद्या कोणी इचारलं, की क्लार्कच्या घरी नक्कल कशी निघाली, तर काय सांगशील?"

ताईने पान फाडले नाही, माझ्याकडे दिले. मी फाडले. चुलीत आईने टाकले. अशा रीतीने गुन्हा टळला आणि चौघांनाही त्यात काम मिळाले.

पुढे जे झाले ते बाबांनी कर्तव्य म्हणून केले. उद्घाटनाआधी तीन दिवस सगळ्या सामानाची नोंद पूर्ण करायची होती. संगणकाच्या पोटावर पांढऱ्या रंगाने क्रमांक आला, टीव्हीच्या पाठीवर आला. उरले कार्ड. ताईने सांगितले होते की सगळ्या सामानात हेच महत्त्वाचे, हे गेले तर बाकीचा ठोकळा. बाबांनी ते लक्षात ठेवले आणि महत्त्वाप्रमाणे शिक्के मारले. चार कोपऱ्यांत चार, मध्यावर एक, आणि कोणी कात्रीने अर्धे कापून नेऊ नये म्हणून घडीच्या रेषेवर आणखी दोन. गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही. त्यांनी कार्ड मिटून डबीत ठेवले, तेव्हा डावीकडचे शिक्के उजवीकडे उमटले आणि उजवीकडचे डावीकडे.

संध्याकाळी ताईने घडी उघडली. जांभळ्याखाली निळा आणि लाल सारखेच दिसत होते, हिरवा काळा झाला होता, पिवळ्याचा चिखल. आईने पाहिले आणि रॉकेलचा बोळा आणला. कपड्यावरची शाई रॉकेलने जाते, हा तिचा अनुभव. कार्डावरचे रंग गेले. शिक्का तसाच राहिला. शाळेचे नाव पूर्वीपेक्षा स्वच्छ वाचता येत होते.

"थांब वं आई, थांब!" ताईने तिचा हात धरला. तोवर एक कोपरा पांढरा झाला होता.

बाबा दारात उभे होते. त्यांच्या हातात अजून पिशवी होती. "धुऊन निघत नाही ती शाई," ते म्हणाले. "म्हणूनच मागवतो मी ती." त्यांच्या आवाजात अभिमान होता की काय, हे मला आजही ठरवता आलेले नाही. बहुधा वाक्याच्या सुरुवातीला होता आणि शेवटी नव्हता.

ताईने मग बसून मोजले. एकशे ऐंशी चौकटींपैकी एकसष्ट वाचता येत होत्या. कंपनीला लिहिले तर मूळ कार्ड, मूळ बिल आणि आपण चोर नसल्याचे पत्र, एवढे सगळे समुद्रापार पाठवावे लागणार होते. हातात दोन दिवस होते. "वाचता येणारी चौकट लागली तर लागली," ती म्हणाली आणि जेवायला बसली. भाकरीचा एकच तुकडा ती बराच वेळ चटणीत फिरवत राहिली.

आता इतक्या वर्षांनी, मध्यंतरी ताईचा नातू पुण्याहून आला होता. त्याने रीतसर विकत घेतलेला खेळ आमच्याकडे चालेना, कारण इंटरनेट गेले होते आणि तो खेळ, एकट्याने खेळायचा असूनही, दर वेळी कंपनीला विचारल्याशिवाय उघडत नाही. त्याने मित्राला फोन केला. मित्राने फुकटात कुठून तरी उतरवलेला तोच खेळ मजेत चालला होता. नातू चिडला. मी चिडले नाही. माझे चिडून झाले आहे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, पाचच्या सुमारास, बाबा मला म्हणाले, "चाल, सीताबर्डीले जाऊन येऊ." मला वाटले, माझ्या बुटांसाठी. आम्ही सीताबर्डीच्या एका बोळात शिरलो. तिथे कॅसेटमध्ये गाणी भरून देणाऱ्याचे चिंचोळे दुकान होते. दुकानदाराला सगळे जग्गूभाऊ म्हणत. कॉलेजची मुले त्याच्याकडे असले खेळही ठेवून जात, हे मला माहीत होते. बाबांना कसे माहीत, हे मला माहीत नव्हते.

बाबांनी विमानाच्या खेळाचे नाव चिठ्ठीवर लिहून आणले होते. चिठ्ठी त्यांनी काउंटरवर उलटी ठेवली. जग्गूभाऊने ती सुलटी केली.

"है ना काका. हाच पाहिजे?"

"त्याच्यात तो रंगाचा सवाल..."

"तो काढून टाकला ना पोराइनं. इंजिनिअरिंगचे पोट्टे आहेत, दोन दिवसात काढला. अस्सलमध्ये लई कटकट होते म्हणून राहिले होते. आपल्यात काही कटकट नाही. लावा अन् उडवा."

"चालते ना पण?"

"अस्सलपेक्षा चांगलं चालते काका."

त्याने एक कॅसेट काढली. दुसरी काहीतरी पुसून त्यावरच भरलेली होती. लेबलावर 'लग्नाची गाणी, भाग दोन' असे होते. बाबांनी ती रुमालात गुंडाळली, पिशवीच्या तळाशी ठेवली, वर डबा ठेवला. मग सवयीने म्हणाले, "पावती?"

जग्गूभाऊ आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. "काय गा काका," तो म्हणाला, "चोरीची पावती?"

बोळातून बाहेर येईपर्यंत बाबा पिशवी काखेत धरून भराभर चालले. मग म्हणाले, "ताईले सांगू नको. एखादवेळी लागणारच नाही." घरी जाताना त्यांनी संत्री घेतली. ती पिशवीत ठेवायची म्हणून पिशवी उघडावी लागली, तेव्हा ते दुकानदाराकडे पाठ करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मंत्री दोन तास उशिरा आले. आम्ही मुली तोवर पटांगणात बसून होतो आणि स्वागतगीत चार वेळा म्हणून झाले होते. संगणकावर हार घातला होता. टीव्हीच्या काचेवर कुंकवाने स्वस्तिक काढले होते, त्यामुळे पुढे जे काही दिसणार होते ते स्वस्तिकाच्या फटींतूनच दिसणार होते. नारळ फोडताना पाणी उडून कळांवर पडू नये म्हणून ताईने पदर आडवा धरला. अध्यक्षांनी भाषण केले. या संस्थेत टाचणीसुद्धा नियमाशिवाय हलत नाही, असे ते म्हणाले. बाबा मंचाच्या कडेला, नोंदवही छातीशी धरून उभे होते.

ताईने अस्सल कॅसेट लावली. सात मिनिटे मांजर ओरडले. मंत्र्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना विचारले, "हा आवाज बरोबर आहे का?" बाई म्हणाल्या, "हो साहेब, परदेशी आहे." मग प्रश्न आला. ताईने कार्ड उघडले. मी पहिल्या रांगेत होते. तिचे बोट शिक्क्यावर जाऊन थांबलेले मला दिसले. तिने एक कळ दाबली. चूक. दुसरा प्रश्न घडीच्या रेषेवर होता. चूक. तिसरी चौकट रॉकेलच्या कोपऱ्यात, पांढरीशुभ्र. तिने डोळे मिटून कळ दाबली. टीव्ही काळा झाला. फक्त स्वस्तिक राहिले.

"काय झालं?" अध्यक्ष माइकपासून तोंड न हटवता म्हणाले, त्यामुळे ते सगळ्या पटांगणाने ऐकले. "मॅडम, काय झालं? येत नाही का तुम्हाला?"

ताई उभी होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिच्याकडे सांगण्यासारखे खरे कारण होते: हेडक्लार्कने कार्डावर शिक्के मारले. तिने अध्यक्षांकडे पाहिले, मग बाबांकडे, आणि म्हणाली, "सर, माझी चूक झाली."

तेव्हा बाबा चालत आले. मंचावर चढताना त्यांनी सवयीने चपला काढल्या. "मॅडम," ते म्हणाले, शाळेत ते तिला मॅडमच म्हणत, "ही दुसरी प्रत आहे." आणि दोनशे मुली, सगळा शिक्षकवर्ग, अध्यक्ष आणि राज्य शासन यांच्यासमोर त्यांनी स्वतःच्या हाताने आपली पिशवी उघडली आणि 'लग्नाची गाणी, भाग दोन' बाहेर काढली.

ताईने लेबल वाचले. बाबांकडे पाहिले. मग कॅसेट लावली. आणखी सात मिनिटे. कोणी काही विचारले नाही, डब्यानेही नाही. निळे आकाश आले, खाली हिरवी जमीन, मधोमध विमान. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांनी बोट पुढे केले, ताईने ते योग्य कळेवर ठेवले, आणि विमान नाकावर जमिनीत शिरले. पडदा लाल झाला. त्याहून मोठ्या टाळ्या पडल्या. उतरताना असेच होत असावे, असा सर्वांचा समज झाला, मंत्र्यांचाही. "फारच अचूक," ते म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले आणि ओट्यावर बसले. आईने संत्री सोलून पुढे ठेवली. त्यांनी घेतली नाहीत.

"तीस वर्ष," ते म्हणाले, "तीस वर्ष मी शिक्के मारले, की कोणी मले चोर म्हणू नये. अन् शेवटी माह्याच पिशवीत निघाली."

ताई त्यांच्याजवळ बसली. "बाबा, ते अस्सलवालं आपल्याले पहिल्या दिवसापासून चोरच समजून राहिलं होतं. रोज इचारे. त्याच्यापेक्षा हे बरं. यानं इचारलं तरी नाही."

"ते कायले इचारीन," बाबा म्हणाले. "त्याले माहीत आहे ना, चोरीचं हाय म्हणून." मग म्हणाले, "खेळ होता बरा. विमान पाहिलं मी." त्यांनी संत्र्याची एक फोड उचलली, बी काढली, पण खाल्ली नाही; ताईच्या हातावर ठेवली.

कॅसेटची नोंद त्यांनी केली नाही. त्यांच्या नोकरीतली ती एकच वस्तू, जी शाळेत आली आणि शिक्क्याशिवाय राहिली. बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांनी चोरी केली असे मला कधी वाटले नाही आणि केली नाही असे त्यांना कधी वाटले नाही. यावर आम्ही वाद घातला असता, तर तो मी हरले असते. त्यांनी कार्डाची मागची बाजू वाचून दाखवली असती.

ताईची ऑर्डर फेब्रुवारीत आली. अध्यक्षांनी शब्द पाळला. संगणकाचे पद सरकारने मंजूरच केलेले नव्हते. रिकामे आणि मंजूर असे एकच पद शाळेत होते, ते शिवणकामाचे. ताई त्यावर कायम झाली आणि निवृत्त होईपर्यंत कायम राहिली. तिच्या ब्लाउजची बटणे आई लावून द्यायची.